उन्हाळ्यात सुकतो, थंडीत कळतो: जुन्या सेटमधला खराब कंडेन्सर कसा शोधायचा

डिसेंबरात सकाळी सात वाजता जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीचं बटण दाबलं, की लाल दिवा लुकलुकतो, आतून टिक-टिक आवाज येत राहतो आणि पडदा काळाच राहतो. तसंच दहा-पंधरा मिनिटं ठेवलं किंवा अकराच्या सुमारास खोलीत ऊन आलं, की तोच टीव्ही आपोआप सुरू होतो आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. नागपुरात असे सेट थंडीत दुरुस्तीला येतात, पण बिघाड सुरू झालेला असतो नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत.

दोष बहुतेक वेळा बोटाच्या पेराएवढ्या, काही रुपयांच्या एका भागात असतो. सर्किटच्या नकाशावर त्याचं नाव कपॅसिटर, दुकानात आणि मेकॅनिकच्या तोंडी कंडेन्सर. तो का आणि कसा मरतो हे एकदा समजलं, तर जुना टीव्ही, अँप्लिफायर, रेडिओ यांचे बरेच बिघाड लक्षणावरूनच ओळखता येतात.

आत नेमकं काय असतं

कंडेन्सर वीज साठवतो आणि लागेल तशी सोडतो. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, पण छतावर टाकी असली की दिवसभर सारखी धार मिळते, तसंच हे. घरातली 50 हर्ट्झची वीज डायोडमधून गेली, की सेकंदाला शंभर उसळ्या मारत पुढे येते. मधला मोठा फिल्टर कंडेन्सर त्या उसळ्या भरून घेतो आणि पुढच्या सर्किटला सपाट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, देतो. त्याचं दुसरं काम म्हणजे डीसी अडवणं आणि फक्त बदलता सिग्नल, म्हणजे आवाज किंवा चित्र, पुढे जाऊ देणं. त्याला कपलिंग म्हणतात.

सर्वांत जास्त बिघडतो तो इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे प्लास्टिकचं आवरण घातलेला गोल डबा. एखादा मेलेला कंडेन्सर पूर्ण डिस्चार्ज करून, हातमोजे घालून कापून बघा. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कागद, अशी घट्ट गुंडाळी निघते. त्यातल्या एका पट्टीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर असतो, केसापेक्षा कितीतरी पट पातळ. तोच वीज अडवणारा पडदा. कागद इलेक्ट्रोलाइट नावाच्या वाहक द्रवात भिजलेला असतो. चांगल्या कंडेन्सरचा कागद दमट, किंचित चिकट लागतो. मेलेल्याचा कोरडा असतो, उलगडताना कुरकुरतो. हा द्रव म्हणजेच खरं तर कंडेन्सरची दुसरी पाटी. तो आटला की पाटीच कमी होते. मायक्रोफॅरड, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, घटतात आणि वीज आत-बाहेर जाताना होणारा अंतर्गत विरोध, म्हणजे ईएसआर, वाढतो.

द्रव जातो तळाच्या रबरी बुचातून, वाफ होऊन. उष्णता जितकी जास्त, तितका लवकर. ढोबळ नियम असा की तापमान दर 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. जुन्या सेटमध्ये 85 अंश, 1000 तास असे कंडेन्सर सर्रास आढळतात. पेटीच्या आत 55 अंश असतील तर त्याला साधारण 8000 तास मिळतात, म्हणजे रोज चार तास वापरला तर साडेपाच वर्षं. तेच 65 झाले की 4000 तास, पावणेतीन वर्षं. नागपूरचा पारा मे 2013 मध्ये 47.9 अंशांवर गेला होता. टिनाच्या छपराखालच्या खोलीत, बंद पेटीत, गरम हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) चिकटून बसलेल्या कंडेन्सरचं काय होत असेल, त्याचा हिशेब यावरून लावता येतो.

मग थंडीत का कळतं? इलेक्ट्रोलाइट गार पडला की घट्ट होतो आणि ईएसआर आणखी वाढतो. निरोगी कंडेन्सरला नागपूरच्या आठ-दहा अंशांनी काही फरक पडत नाही. अर्धवट सुकलेला मात्र तेवढ्यानेच मर्यादेखाली जातो. गरम झाला की पुन्हा कसाबसा काम करतो. म्हणून "थोडा वेळ चालू राहिला की नीट होतो" असं कोणी सांगितलं, तर पहिला संशय इलेक्ट्रोलायटिकवर घ्यावा.

पेटी उघडण्याआधी

ही गोष्ट वगळू नका. 230 व्होल्टची वीज डायोडमधून गेल्यावर फिल्टर कंडेन्सरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी जमतात. 220 मायक्रोफॅरडच्या डब्यात त्या वेळी साधारण साडेअकरा ज्यूल ऊर्जा असते. प्लग काढल्यावरही ती कित्येक मिनिटं, कधी तासन् तास तशीच राहते, कारण सेट सुरूच होत नसेल तर ती वापरणारं कोणी नसतं. प्लग काढल्यावर बंद पडलेला सेट चांगल्या सेटपेक्षा जास्त धोक्याचा असतो तो याचमुळे.

डिस्चार्जसाठी 4.7 किलोओहम, 10 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या प्रोब जोडा आणि कंडेन्सरच्या दोन पायांवर दहा सेकंद धरून ठेवा. मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून तपासा. 5 व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय वाईट. ठिणगीने बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक उडतो, कंडेन्सरच्या आतल्या जोडांना दणका बसतो आणि डोळ्यांत धातूचा कण जाऊ शकतो.

टीव्हीमध्ये आणखी दोन धोके असतात. एक, बऱ्याच सेटची चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडाच, थेट मेनला जोडलेली असते. दुसरा, रंगीत पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली 25 हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. तिकडे नवख्याने जाऊच नये.

टेबलावर एक सिरीज बोर्ड हवा. 60 किंवा 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब सेटच्या लाइनमध्ये सिरीजला लावायचा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पूर्ण तेजाने जळत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. सेट बंद करा. बल्ब करंट मर्यादित ठेवतो, पण झटक्यापासून वाचवत नाही, हे लक्षात असू द्या.

लक्षणावरून जागा ओळखणं

सुरुवातीची ती टिक-टिक घेऊ. पॉवर सप्लायमध्ये 3842 मालिकेतला आयसी असलेल्या सेटमध्ये हा बिघाड समजायला सोपा असतो. 325 व्होल्टवरून एक मोठ्या ओहमचा रेझिस्टर हळूहळू एक छोटा कंडेन्सर भरतो, बहुधा 47 मायक्रोफॅरड. त्यावर 16 व्होल्ट झाले की आयसी जागा होतो. जागा झाल्यावर त्याला जो करंट लागतो, तेवढा त्या रेझिस्टरमधून येत नाही. ट्रान्सफॉर्मरची वेगळी वाइंडिंग त्याला पुरवठा सुरू करेपर्यंतचे काही क्षण त्याला कंडेन्सरच्या शिदोरीवर काढायचे असतात. कंडेन्सर सुकून पाचेक मायक्रोफॅरडवर आला असेल तर शिदोरी आधीच संपते. व्होल्टेज 10 च्या खाली जातं, आयसी झोपतो, पुन्हा भरणं सुरू होतं. तीच टिक-टिक. हा कंडेन्सर बहुतेक वेळा हीटसिंकच्या किंवा गरम रेझिस्टरच्या शेजारी असतो आणि वरून अगदी नव्यासारखा दिसतो. फुगलेला नसतो, गळलेलाही नसतो. डोळ्यांवर विसंबलं तर हाच सुटतो. हा बदलूनही टिक-टिक राहिली तर मग ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूला शॉर्ट झालेला डायोड किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर बघावा. शॉर्ट असला तरी सप्लाय असाच उचक्या देतो.

चित्र वरून-खालून आखडलं, किंवा वरच्या बाजूला दुमडून पांढऱ्या रेघा आल्या, तर व्हर्टिकल आयसीच्या (चित्र वर-खाली पसरवणाऱ्या) आसपासचे कंडेन्सर तपासा. तिथे बूस्टचा 100 मायक्रोफॅरड 35 किंवा 50 व्होल्टचा आणि कपलिंगचा 1000 मायक्रोफॅरडचा, हे दोन नेहमीचे.

अँप्लिफायरमध्ये दोन लक्षणं वेगळी ओळखायला शिका. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही जाड गुणगुण येत असेल तर फिल्टर कंडेन्सर बघा. 4440 आयसीच्या, 12-0-12 ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या ज्या अँप्लिफायरनी गल्लोगल्ली गणपती गाजवले, त्यांत बऱ्याचदा 2200 मायक्रोफॅरड 25 व्होल्टचा फिल्टर असतो. 1 अँपिअर करंट ओढताना चांगल्या कंडेन्सरवरही साडेचार व्होल्टपर्यंत चढउतार होतो. क्षमता निम्मी झाली तर तो दुप्पट होतो आणि गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. अशा जागी 4700 मायक्रोफॅरड टाकलेला बरा.

दुसरं लक्षण म्हणजे आवाज पत्र्यासारखा होणं. डग्ग्याचा घुमारा जातो, नुसती चाटीची टणटण उरते. हा आउटपुट कपलिंगचा दोष. 1000 मायक्रोफॅरड आणि 4 ओहमचा स्पीकर मिळून 40 हर्ट्झपर्यंतचा खर्ज जाऊ देतात. कंडेन्सर सुकून 100 वर आला की ती मर्यादा 400 हर्ट्झवर चढते आणि खाली काहीच ऐकू येत नाही. लोक स्पीकर बदलत बसतात. एकाच चॅनलचा खर्ज गेला असेल तर दोन्ही स्पीकरची अदलाबदल करून बघा. दोष त्याच चॅनलवर राहिला तर स्पीकर निर्दोष आहे.

छताचा पंखा मंदावला, किंवा कूलरचा पंखा हाताने ढकलल्याशिवाय फिरत नाही, तर त्यातला कंडेन्सर तपासा. तो प्लास्टिक फिल्मचा असतो, इलेक्ट्रोलायटिक नव्हे. छताच्या पंख्याला बहुधा 2.5 मायक्रोफॅरड, 440 व्होल्ट एसीचा लागतो. मीटरवर 2 च्या खाली दाखवला तर बदला. तिथे मोठ्या नंबरचा घालून पंखा पळवायचा मोह टाळा, वाइंडिंग तापते.

व्हॉल्व्हचा रेडिओ: मीटर फसतो ती जागा

माळ्यावरून काढलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, रेडिओ थेट प्लगमध्ये घालू नका, ही हात जोडून विनंती. वीस-तीस वर्षं वीज न मिळालेल्या इलेक्ट्रोलायटिकचा ऑक्साइड थर पातळ झालेला असतो; एकदम पूर्ण दाब दिला तर तो शॉर्ट होतो आणि मेन ट्रान्सफॉर्मर सोबत नेतो. तो ट्रान्सफॉर्मर आता सहजी मिळत नाही.

खरा चोर मात्र दुसरा, मेणात बुडवलेला कागदी कपलिंग कंडेन्सर. बहुधा 0.01 मायक्रोफॅरडचा. आधीच्या व्हॉल्व्हच्या ॲनोडवर, म्हणजे धन दाबाच्या पाटीवर, 100 व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीवर, तो अजिबात पोहोचू नये, हे त्याचं काम. कागद वर्षानुवर्षं ओल शोषतो. आपल्याकडे तर चार महिने कूलरची ओली हवा आणि नंतर पावसाळा. त्याचं इन्सुलेशन घसरून 50 मेगाओहम झालं असं समजा. साधा मीटर 20 मेगाओहमपर्यंतच मोजतो, म्हणून तो म्हणतो "उघडा, उत्तम". मायक्रोफॅरडही बरोबर दाखवतो. पण ग्रिडवर 1 मेगाओहमचा रेझिस्टर असेल तर या गळतीने तिथे जवळजवळ 2 व्होल्ट धन चढतात. ईएल84 सारख्या व्हॉल्व्हला सव्वासात व्होल्टच्या आसपास ऋण बायस (करंट आवरणारा ग्रिडवरचा दाब) लागतो. त्यातले दोन गेले की करंट वाढतो, व्हॉल्व्ह तापून ॲनोड लालसर दिसू लागतो, आवाज फाटतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

याची खरी परीक्षा सेट चालू असताना होते. मीटरचा ऋण प्रोब क्लिपने चॅसीला लावा, एक हात मागे ठेवा, आणि 10 मेगाओहम इनपुटच्या मीटरने ग्रिडवर डीसी व्होल्ट मोजा. ईएल84 मध्ये ही पिन 2. कॅथोडला बायस रेझिस्टर असलेल्या सर्किटमध्ये तिथे शून्य हवं. अर्धा व्होल्ट धन दिसला तरी सेट बंद करून, डिस्चार्ज करून, कंडेन्सरचं एक टोक सोडवा आणि पुन्हा मोजा. आता शून्य आलं तर कंडेन्सर दोषी. तरीही धनच राहिलं तर व्हॉल्व्हमध्ये वायू शिरला आहे.

जागी 0.01 मायक्रोफॅरड 630 व्होल्टचा फिल्म कंडेन्सर बसवा. जुन्या युरोपीय सेटवर "10 के" असं छापलेलं असतं. तो रेझिस्टर नव्हे, 10,000 पिकोफॅरड म्हणजे हाच आकडा. नव्यावर 103 लिहिलेलं असतं आणि आधी 2जे असेल तर 630 व्होल्ट, 2जी असेल तर 400. फिल्टरच्या जागी 47 मायक्रोफॅरड 450 व्होल्ट घाला. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) ईझेड80 किंवा ईझेड81 असेल तर पहिल्या जागी 50 मायक्रोफॅरडच्या वर जाऊ नका, नाहीतर चालू होतानाच्या धक्क्याने तो व्हॉल्व्ह मरतो.

मेणाचे सगळे कागदी कंडेन्सर एकदम बदलावेत, त्यांत निवड करत बसू नये. पण अभ्रकाचे आणि ट्यूनिंगच्या आसपासचे छोटे कंडेन्सर तसेच राहू द्या. ते क्वचितच बिघडतात. ऑसिलेटरमधला पॅडर (स्टेशनची जागा जुळवणारा छोटा कंडेन्सर) उगाच बदलला तर मिडियम वेव्हचं खालचं टोक सरकतं आणि 585 किलोहर्ट्झवरचं आकाशवाणी नागपूर डायलवर भलत्याच जागी येतं, नाहीतर कमजोर होतं.

तपासणी कशाने

आधी डोळे आणि नाक. डोक्यावरच्या खाचा फुगलेल्या, बुच खाली सरकलेलं, पायाशी तपकिरी डाग, ट्रॅकवर हिरवट बुरशी. सडक्या मासळीसारखा वास आला तर 1990 च्या आसपासच्या छोट्या एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावरच बसवलेल्या) कंडेन्सरमधून द्रव गळला आहे. तो ट्रॅक खातो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि टूथब्रशने धुतल्याशिवाय नवा बसवू नये. 1999 ते 2007 दरम्यानच्या कॉम्प्युटर मदरबोर्डवर फुगलेल्यांची रांगच दिसते. त्या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कंडेन्सर जगभर पसरले होते. कंडेन्सरच्या मधोमध दिसणारा पिवळा चिकट पदार्थ मात्र बऱ्याचदा कारखान्यात लावलेला गोंद असतो, गळती नव्हे.

ईएसआर मीटर हे या कामाचं सर्वांत चांगलं हत्यार. तो 100 किलोहर्ट्झवर, अगदी कमी दाबाने मोजतो, त्यामुळे डायोड-ट्रान्झिस्टर मध्ये येत नाहीत आणि कंडेन्सर न काढता तपासता येतो. अंदाजासाठी, 1000 मायक्रोफॅरड 25 व्होल्टला 0.1 ओहमच्या आसपास, 100 ला अर्ध्या ओहमपर्यंत, 10 ला दोन-तीन ओहम. याच्या कित्येक पट आला की काढा. पण शॉर्ट झालेला कंडेन्सरही ईएसआर मीटरवर शून्य ओहम, म्हणजे फर्स्ट क्लास दिसतो. म्हणून साध्या मीटरने शॉर्ट बघणं चुकवू नका. आणि दोन कंडेन्सर समांतर असतील तर चांगला वाइटाला झाकतो. तिथे एक पाय उचलावाच लागतो.

जुना सुईचा मीटर असेल तर फेकू नका. ओहम रेंजवर सुई उसळून हळूहळू परत गेली तर कंडेन्सर भरतो आहे. मध्येच अडकली तर गळती आहे. बहुतेक सुईच्या मीटरमध्ये ओहम रेंजवर काळा प्रोब धन असतो, तो कंडेन्सरच्या धन पायाला लावायचा.

काहीच हाताशी नसेल तर हेअर ड्रायर. थंड सेट सुरू होत नसताना प्लग काढून संशयित कंडेन्सरला अर्धा मिनिट गरम करा आणि लगेच चालू करा. सुरू झाला तर चोर सापडला.

बदलताना

मायक्रोफॅरड तेवढेच किंवा एक पायरी वर, व्होल्ट तेवढेच किंवा एक पायरी वर, आणि तापमान 105 अंशच. या गावात 85 चा घेऊ नये, किमतीतला फरक किरकोळ असतो. पॉवर सप्लायमध्ये दुकानदाराला "लो ईएसआर" असं सांगून मागा. नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून घेताना मीटर सोबत न्या आणि तिथेच मोजा. मोठ्या डब्यात छोटा कंडेन्सर घालून विकलेला माल मिळतो. हातात घेतल्यावर हलका लागतो आणि मीटरवर निम्मा भरतो. सोल्डरचे डाग असलेले, कापलेल्या पायांचे नको.

पॉवर कॉर्डच्या लगेच नंतर, लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये बसणारा एक्स कंडेन्सर असतो. त्याचं पारदर्शक पिवळसर आवरण तडकलेलं दिसलं तर तो लवकरच धूर काढणार. जागी एक्स2, 275 व्होल्ट एसीचाच लावा. लाइन ते चॅसी असेल तर वाय2 हवा, कारण तो शॉर्ट झाला तर चॅसीत करंट उतरतो आणि हात लावणाऱ्याचा जीव जातो. तिथे साधा फिल्म कंडेन्सर कधीही नाही.

काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. इलेक्ट्रोलायटिकवरची पट्टी ऋण पाय दाखवते, टँटलमवरची पट्टी धन. आडव्या डब्याला ज्या टोकाकडे खाच असते ते धन. उलटा बसला तर तापून फुटतो. जुना ट्रॅक ठिसूळ असतो, म्हणून आधी थोडं नवं सोल्डर घालून जुनं पातळ करा, मग पंपाने ओढा, आणि पाय ओढून काढू नका. नवा कंडेन्सर गरम रेझिस्टरपासून चार-पाच मिलिमीटर तरी लांब राहील असा वाकवा.

सगळे कंडेन्सर सरसकट बदलण्याची पद्धत टीव्ही-अँप्लिफायरला नको. वीस बदलले आणि एक उलटा बसला, तर मूळ बिघाडावर नवा चढतो आणि शोधायचा कुठला ते कळत नाही. एक बदला, सिरीज बोर्डवर चालवा, मोजा, मग पुढचा.

शेवटी बल्ब काढून सेट थेट मेनवर दोन तास चालवा, प्लग काढा, डिस्चार्ज करा आणि नव्या कंडेन्सरला बोट लावून बघा. शेजारच्या भागांपेक्षा तो जास्त गरम लागला, तर निवड चुकली आहे किंवा पुढे कुठेतरी जास्त करंट ओढला जातो आहे. थंड असेल तर मागच्या झाकणाच्या आत मार्करने तारीख आणि बदललेला आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी पेटी उघडणाऱ्याला तिथूनच सुरुवात करता येते.